मंगळवारचं पिठलं

आमच्या दौंडच्या मामीला "आज रात्री जेवायला काय?" असं विचारलं, की ती पदार्थाचं नाव सांगत नसे, वाराचं सांगे. "आज बुधवार," एवढं म्हणून ती आपल्या कामाला लागे. बुधवारी येसराची आमटी आणि भात, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. सोमवारी खिचडी, मंगळवारी पिठलं-भाकरी, शुक्रवारी मटकीची उसळ. पाहुणा येवो नाहीतर साक्षात देव येवो, वार बदलत नसे. केंदूरहून शाळेसाठी तिच्याकडे राहायला आलेल्या मला हे ऐकूनच धक्का बसला होता. आमच्याकडे आई दुपारपासून 'आज काय करू' म्हणत घरभर फिरायची, आणि स्वयंपाकाची सुरुवात तिथूनच होते असं मला वाटायचं.

मामी दवाखान्यात नर्स होती. पंचावन्न सालच्या आसपासची ही गोष्ट. मूळची खुटबावच्या शेतकऱ्याची पोर, पण पुण्यात शिकून आलेली. चांगल्या घरची सून परक्यांच्या जखमा धुते, हे आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या पचनी कधी पडलं नाही. ती सकाळी जायची ती दिवेलागणीलाच परत यायची. हातपाय धुऊन पदर खोचला, की अर्ध्या तासात पानं वाढलेली. मी डोळे फाडून बघत राहायचे.

त्यातली मेख रविवारात होती. रविवारी मामी घरात कुणाला सुचू द्यायची नाही. येसराचं धान्य आणि मसाला भाजून दळून आणायचा, म्हणजे पुढे मूठभर पीठ उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, निवडलेले डाळ-तांदूळ, सगळं डब्यांत भरून फळीवर. दुपारची झोप नाही, कुणाकडे जाणं नाही. मामा कुरकुरला तर म्हणायची, "एक रविवार मरू द्या, बाकीच्या संध्याकाळी जगत्यात."

पण खरा धक्का हा नव्हेच. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले, तर चुलीपुढे पाटावर खाकी विजार घातलेला मामा बसलेला आणि काठवटीत भाकरी थापतोय. मामा रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर. राखेनं कोपरापर्यंत हात घासून तो चुलीशी बसला होता आणि वर गुणगुणत होता. मला वाटलं, मामी मरायला टेकली. मी दप्तर टाकून भोकाड पसरलं. मग मामानं समजावलं, की शेडचा भोंगा आधी होतो, मामीची ड्यूटी नंतर सुटते. जो आधी घरी येईल त्यानं भाकऱ्या करायच्या. आणि ज्याची शाळा आहे त्यानं अभ्यास करायचा, हा मामीचा माझ्यापुरता नियम.

हे गुपित केंदूरला कळू नये म्हणून मी फार जपले. पण एका मंगळवारी आप्पा, म्हणजे माझे वडील, न कळवता आले. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याच्या पुढ्यात गोडधोड हवं. मामीनं शांतपणे पिठलं वाढलं. आप्पांनी तेही गिळलं असतं, पण तेवढ्यात आतून थापण्याचा आवाज आला म्हणून त्यांनी मान वळवली. पुरुषासारखा पुरुष, त्यांचा सख्खा मेव्हणा, तव्यावर भाकरी टाकत होता आणि त्यांची लेक कोपऱ्यात पुस्तक वाचत बसली होती.

आप्पांचा घास हातातच राहिला. "बाप्या भाकरी थापतो त्या घरचं पानीसुदिक नको मला," म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. जावई ताटावरून उठला. मामीनं त्यांना अडवलं नाही की माफी मागितली नाही. वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

आप्पा तडक गावी गेले आणि मला कायमचं घरी आणायला निघाले. पण केंदूरला आई आडवी आली. जन्मात नवऱ्यापुढे वर तोंड न केलेली माझी आई म्हणाली, की पोर मॅट्रिक झाल्याशिवाय परत यायची नाही. मी दौंडला राहिले. आप्पा मात्र पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत, मामाशी चकार शब्द बोलले नाहीत.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, कडबा काढताना आईला पान लागलं, साप डसला. बैलगाडी शिरूरच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. सकाळी पाणी भरणारी बाई संध्याकाळी नाही, हे मला आजही खरं वाटत नाही. मागे दोन धाकटे भाऊ आणि शेतात राबणारे आप्पा.

तेराव्याला सगळे अंगणात बसले होते. माझी आत्या गावातच असे. सकाळच्या भाकऱ्या मी देईन, म्हणाली, पण तिच्या मोठ्या खटल्याच्या घरातून संध्याकाळचं तिला जमणार नव्हतं. मग संध्याकाळची चूल कोण बघणार? आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं, माझी शाळा संपली. मी खाली बघून रडत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते रीतीला धरूनच वाटत होतं.

मामी बाजूला बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी होती, एसटीला निघायचं होतं. ती जाग्यावरूनच बोलली, दवाखान्यात औषध कसं घ्यायचं ते सांगावं तशा आवाजात.

"पोरगी शाळा सोडणार न्हाई. येसर मी करून धाडीन, कूट धाडीन. सोमवारी खिचडी, ती थोरल्या पोरालाबी जमंल. बुधवारी आमटी, पानी उकळलं की झाली. आन् भाकरी दाजी थापतील."

अंगणात सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला. आत्यानं तोंडाला पदर लावला. तेराव्याच्या दिवशी, चार लोकांत, घरधन्याला बाईमाणसानं असं सांगावं? आप्पा खांबाला टेकून बसले होते. त्यांची मान वर झाली नाही.

"माझी नणंद जन्मात एकदाच तुमच्याशी भांडली, दाजी," मामी हळू म्हणाली. "कशापायी, ते तुमाला ठावं हाय."

आप्पा उठले आणि आत गेले. मला वाटलं, आता काठी घेऊन येतात. आत्या मामीला वाट्टेल ते बोलू लागली. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला, पिठाच्या डब्याचं झाकण पडलं. मग आप्पा दारात आले. हातात आईची काठवट. इतक्या वर्षांत ज्याच्याकडे नजर वळवली नव्हती त्या मामाकडे बघून म्हणाले,

"पाव्हणं, पानी ऊन घ्यायचं का गार?"

मामा उठला, बाह्या सारल्या आणि त्यांच्या मागोमाग आत गेला. मी तर रडायचंही विसरले.

आप्पांच्या भाकऱ्या वहाणेच्या तळव्यासारख्या व्हायच्या. सुट्टीत मी घरी गेले की त्याच खायचे. निघताना मामी दर वेळी बजावायची, "नावं ठेवू नगं. जाड असली तरी बापानं केलीया." गावात आप्पांची टिंगल झाली, ती त्यांनी सोसली. आत्या वर्षभर मामीचं नाव घेत नव्हती, आणि पुढे तिनंच येसराची कृती विचारून घेतली.

मामी जाऊन आता खूप वर्षं झाली. मी शाळामास्तरीण झाले, आयुष्यभर नोकरी केली आणि 'आज काय करू' म्हणत घरभर कधी फिरले नाही. वारांची नावं मलाही तेवढीच पुरली. पण मामी आठवते ती मी मॅट्रिक झाल्यावरच्या त्या संध्याकाळची.

निकाल लागला आणि आप्पा न कळवता दौंडला आले. मामा भाकऱ्या थापत होता, मामी नुकतीच येऊन पिठलं ढवळत होती. इतक्या वर्षांनी जावई दारात. आप्पांनी हातपाय धुतले आणि पूर्वी ताटावरून उठले होते बरोबर त्याच जागी येऊन बसले.

"मंगळवार हाय न्हवं, वैनी?" ते म्हणाले. "माझं एक ताट ऱ्हायलंय इथं."

साऱ्या पाहुण्यारावळ्यांना धक्के देणाऱ्या माझ्या मामीला त्या दिवशी पहिल्यांदा धक्का बसला. ती आप्पांकडे बघतच राहिली. हातातली पळी थांबली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि चुलीवर पिठलं आहे याचं भान तिला राहिलं नाही. मामीचं पिठलं खाली लागलेलं मी तेवढं एकदाच खाल्लं. आप्पांनी ते दोनदा मागून घेतलं.