निळ्या ड्रॅगनच्या पोटातलं लोणचं

बायकोच्या हातचं शेवटचं लोणचं मी नासवलं. तीस वर्षं त्याच बाईच्या लोणच्याची बरणी मे महिन्यात गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं काम मी केलंय. म्हणजे अनुभव नव्हता असंही म्हणायची सोय नाही.

सुरुवात कल्याणला झाली. तिथे जुन्या बाजारात एक भंगारवाला आहे. पाडायला काढलेल्या इमारतींमधलं सामान त्याच्याकडे येतं. निवृत्त झाल्यावर मी कपाटाची कडी शोधायला म्हणून त्याच्याकडे गेलेलो आणि चिनी बरणी घेऊन आलो. पांढरी, गोल पोटाची, घुमटासारख्या झाकणाची आणि अंगावर निळा ड्रॅगन. दोनशे वर्षांपूर्वी चीनहून जहाजाने आलेली आहे, असं त्याने कानाशी येऊन सांगितलं. मी ती रिक्षात मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला "अहो, हळू" म्हणत डोंबिवलीला आणली.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो तर त्याच्या फळीवर तशाच चार. तोच ड्रॅगन, तीच वळलेली शेपटी.

"हे काय?" मी विचारलं.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "जहाज किती मोठं होतं!"

यानंतर शहाण्या माणसाने कल्याणचा रस्ता सोडला असता. मी आणखी एक बरणी घेतली. जोडी असली की शोभा येते, असं कुठेतरी वाचलेलं. मग उंच मानेची आली, मग आलं साठवायची म्हणून एक बुटकी आली, मग झाकण नसलेली आली आणि तिच्यासाठी झाकण शोधताना आणखी दोन आल्या. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, चपलांच्या कपाटावर, देवघराच्या वर, जिथे म्हणून सपाट जागा दिसेल तिथे मी चीन वसवला.

बायको सुरुवातीला नुसती बघायची. एकदा तिने ड्रॅगनचं झाकण उचलून आत डोकावून पाहिलं.

"यात किती साखर मावेल हो?"

"अगं, ही वापरायची नसते."

"मग हिला बरणी कशाला म्हणायचं?"

"ही शोभेची आहे."

"बरं," ती म्हणाली. "घरात माणसं दोन आणि बरण्या अकरा. शोभा तर झालेलीच आहे आपली."

तिची स्वतःची बरणी ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी असायची. खालून पांढरट, खांद्यापासून वर तपकिरी, कुठल्याही घरात असते तशी. तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला. तिच्याकडे मी कधी धड पाहिलंही नव्हतं. उचलायची, गच्चीवर न्यायची, आणायची, बस.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिने कैरीचं लोणचं घातलं आणि जुलैच्या शेवटी ती गेली. तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत सगळं आटोपलं. यावर मला विनोद करता येत नाही, म्हणून पुढे जातो.

तेराव्यानंतर मुलगी कोलशेतला तिच्या घरी परत निघाली. दारात चपला घालताना म्हणाली, "बाबा, आईचं लोणचं अर्धं दे ना मला."

"आत्ता नको," मी म्हटलं. "वर्षश्राद्धाला तिच्या पानात तिच्याच हातचं वाढू. मग अर्धं तुझं, अर्धं माझं."

तिला ते पटलं. डोळे पुसून म्हणाली, "हां, चालेल. पण खराब नाही ना होणार?"

"मी आहे ना," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा म्हटलंय आणि दर वेळी कोणीतरी बुडालंय.

आता एवढं मोलाचं लोणचं सिलिंडरशेजारी ठेवायचं? मला ते बघवेना. तिची उरलेली एकमेव गोष्ट ओट्याखालच्या अंधारात, झुरळांच्या वाटेवर, आणि माझे ड्रॅगन दिवाणखान्यात मिरवताहेत. मी ठरवलं, सगळ्यांत चांगल्या बरणीत, म्हणजे पहिल्या ड्रॅगनमध्ये, ते हलवायचं आणि टीव्हीशेजारी मानाने ठेवायचं. शेवटी शोभेची बरणी वापरात येणार होती. तिला आवडलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नवरात्रात ऊन कडक पडलं. दरवर्षी आम्ही दोघं टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जायचो. त्या वर्षी जायचं नव्हतं, म्हणून मी ड्रॅगनला घेऊन गच्चीवर गेलो. धुतला, पुसला, चार दिवस ऊन दाखवलं. निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी त्यावर पालथी धरली, धुरी दिली. हात कोरडे, पळी कोरडी. ती जे जे करायची ते ते सगळं केलं. मग तपकिरी बरणीतलं लोणचं सावकाश निळ्या बरणीत ओतलं, बोटाला लागलेला खार चाटला आणि तिथेच ओट्याला टेकून थोडा वेळ उभा राहिलो.

आता चूक सांगतो. तिची बरणी उंच, अरुंद होती. माझा ड्रॅगन पोटाने सुटलेला. तपकिरी बरणीत फोडींच्या वर उभं राहिलेलं तेल या ऐसपैस पोटात पसरलं आणि खाली बसलं. वरच्या फोडी उघड्या राहिल्या. मला ते दिसलं. घरात तेलाचा डबा भरलेला होता. तेल गरम करायचं, गार करायचं, वरून ओतायचं, पोरालाही समजेल. पण मी ओतलं नाही. मला वाटलं, माझं तेल घातलं तर ते लोणचं तिचं कसं राहील? तिने जेवढं घातलंय तेवढंच राहू दे, एक थेंबही बाहेरचा नको. दादरा बांधला, वर घुमटाचं झाकण ठेवलं आणि वर्षश्राद्धापर्यंत उघडायचं नाही, अशी शपथ घेतली.

दिवाळीत आमच्याकडे काही करायचं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या. टीव्हीशेजारी फडकं बांधलेली, झाकण लावलेली बरणी आणि शेजारी बायकोचा हार घातलेला फोटो पाहून थबकल्या. ताट खाली ठेवून त्यांनी बरणीला हात जोडले.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "अजून विसर्जन नाही केलंत?"

लोणचं आहे, असं सांगायला माझं तोंड उघडेना. "करायचंय," मी म्हटलं. आठवड्याभरात सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं आणि खांद्यावर हात ठेवून नाशिकच्या एका गुरुजींचा नंबर दिला. मी तो लिहूनही घेतला. घरी येऊन, ती गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटा खो खो हसलो. तिला सांगायला वळलो आणि हसू तिथेच राहिलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मुलगी सकाळीच आली. स्वयंपाक तिने केला. वरण, भात, खीर, वडे, आईला आवडायची ती गवारीची भाजी. श्राद्धाच्या पानात हे चालतं, ते चालत नाही, असं गुरुजी काहीतरी म्हणत होते. तिने सांगितलं, "गुरुजी, आईचं लोणचं वाढणारच." पानाच्या डाव्या बाजूला, चटणीखाली तिने जागा ठेवली आणि कोरडी पळी घेऊन बरणीपाशी गेली.

झाकण काढलं. दादरा सोडला. वास आधी आला.

आत करडी, मऊ बुरशी दाटलेली. मधूनच एखादी फोड काळी पडून वर आलेली.

"तेल कुठे गेलं?" ती म्हणाली.

"आहे की. तेवढंच होतं."

"वरून घातलं नाहीस?"

"ते मग आईचं नसतं राहिलं."

"बाबा, आई काय तेल गाळायची का रे? दुकानातूनच आणायची ना!"

मग तिने पळीने खालपर्यंत उकरलं. खालचं तरी वाचलं असेल म्हणून. खालचं मऊ पडून लगदा झालेलं. तरी ती बराच वेळ उकरत होती. शेवटी मी तिच्या हातातून पळी घेतली.

"तेव्हाच दिलं असतंस तर खाऊन तरी झालं असतं," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पान तसंच गेलं, डाव्या बाजूची जागा रिकामी ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा न्यायला बाई आली. मी ड्रॅगन पोटाशी धरून दारात उभा. "काका, हे ओल्यात का सुक्यात?" तिने विचारलं. ओल्यात, म्हटलं. तिने बादली पुढे केली. ते एकदम पडेना, चिकटलेलं. मला पळीने काढून टाकावं लागलं, पळी पळीने, आणि ती बिचारी नाक न दाबता उभी राहिली.

ड्रॅगन आता पुन्हा टीव्हीशेजारी आहे. साबणाने धुतला, सोड्याने धुतला, वास जात नाही. वहिनी येतात तेव्हा अजून हात जोडतात. बाकीच्या दहा बरण्या भंगारवाल्याला परत न्यायला सांगितल्या, तर म्हणाला, "काका, चिनी मालाला हल्ली गिऱ्हाईक नाही." तपकिरी बरणी मुलगी श्राद्धाच्याच दिवशी घेऊन गेली. मी अडवलं नाही, तेवढी लाज होती.

यंदा मे महिन्यात तिचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा लोणचं घालत होती.

"बाबा, आई फोडींच्या वर तेल किती ठेवायची रे?"

"बोटभर," मी ताबडतोब म्हटलं. हे मी हजारदा ऐकलेलं.

"उभं बोट की आडवं?"

मी डोळे मिटले. ओटा दिसला, बरणी दिसली, तिची बांगडी बरणीच्या काठाला लागून वाजलेली ऐकू आली. बोट दिसेना. ती ते माप घेत असताना मी बहुतेक बाहेर बसून ड्रॅगनच्या झाकणावरची धूळ पुसत असणार.

"बाबा? ऐकतोयस ना?"

"आडवं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.