जाळीपर्यंत

“मारून पाहत काहून राह्यली, पोरी? चाल ना समोर!”

हे सांगताना काका स्वतः मात्र कमरेवर हात ठेवून धापा टाकत असत. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर धानाच्या आणि बांबूच्या वॅगनी भरून घ्यायच्या आणि संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या क्लबमागच्या शेणाने सारवलेल्या टेनिस कोर्टवर यायचं. खडूने पांढरे केलेले बूट, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण.

मी नुकतीच बोर्डिंगच्या शाळेतून बालाघाटला परतले होते. मराठी चुकेल म्हणून मानेनेच उत्तरं द्यायचे. त्यांना ते चालायचं.

त्यांनी मला एकच फटका शिकवला, अप्रोच शॉट. समोरच्याचा चेंडू आखूड पडला की रॅकेट फार मागे न्यायची नाही. चेंडू खालून कापत त्याच्या बॅकहँडला खोल टाकायचा आणि मागोमाग जाळी गाठायची. सारवलेल्या जमिनीवर असा चेंडू उसळत नाही, सरपटतो. मी फटका मारून मागेच पळायचे.

“वाघ बैहरच्या जंगलात हाये, पोरी. जाळीपाशी नाही बसला!”

शिकवणारे पुष्कळदा स्वतःला न जमणारंच शिकवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. तेही अर्ध्या वाटेत थांबायचे. दर हिवाळ्यातल्या सामन्यात रेल्वेचे एक तरुण डॉक्टर त्यांना तिथेच हरवायचे. उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन कटंगीकडच्या गावी जाणार होते. “एकडाव याले हरवूनच जातो,” म्हणायचे.

त्या हिवाळ्यातल्या, त्यांच्या शेवटच्या सामन्यात काकांच्या मागची चुन्याची रेघ पाहायला मला बसवलं होतं. डॉक्टरांना जिंकायला एकच गुण हवा होता. त्यांचा चेंडू आखूड पडला. काकांनी तो कापला, आणि या वेळी थांबले नाहीत. धावले. जाळीशी पोहोचले. डॉक्टरांनी वाकून तो कसाबसा उचलला आणि काकांच्या डोक्यावरून मागे टाकला.

ते वळले नाहीत. दोन्ही हात जाळीवर, पाठ वरखाली होत होती.

“पोरी, आत का बाहेर?”

डॉक्टरांना तिथून दिसलं नव्हतं. दिसलं होतं फक्त मला.

“आत.” मी पुटपुटले.

“काय म्हन्ते?”

“आत होता, काका. चुन्यावर.”

“हौ,” ते म्हणाले. “मले वाटलंच.”

डॉक्टर हात पुढे करून आले. काकांनी एक हात दिला. दुसरा जाळीवरून सुटला नाही. आम्ही चेंडू गोळा केले, डॉक्टरांनी स्वेटर घातला, तरी ते तिथेच होते, पलीकडच्या रिकाम्या कोर्टकडे तोंड करून.