आंबिलीची फेरी

आज येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात गाडग्यातल्या आंबिलीचा आंबूस वास आला अन् कॉलेजातले आमचे इंग्रजीचे सर आठवले.

इंग्रजी कवितेची ओळन् ओळ सोलून ते रसग्रहण लिहून द्यायचे अन् आम्ही ते पाठ करायचो. एका वर्षी येळवशीला ते बेंबळीला आमच्या शेतात जेवायला आले होते. दादा, म्हणजे माझे वडील, ज्वारीभोवती आंबील शिंपडत पिढ्यान् पिढ्यांची आरोळी देत निघाले. सरांनी त्यांना थांबवलं.

"याचा अर्थ काय हो?"

"कुणाला ठाव, सर? पर म्हणल्याबिगर येळवस व्हत न्हाय. चला, तुमी बी."

सर बुजत मागं निघाले. फेरी संपता संपता त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा झाला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी नवी कविता नुसती मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. परीक्षा तोंडावर आलेली, मी वही उघडून विचारलं,

"सर, अर्थ?"

"सांगतो की. आधी फेरी तर होऊ दे."

तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आता मीच रसग्रहण शिकवते. पाठ केलेले सगळे अर्थ केव्हाच विसरले. ती कविता मात्र अजून सरांच्या आवाजात ऐकू येते.