भिंतीवरचं जाळं

नदीकाठी निसर्ग उद्यान झालं, मासेमारीला बंदी आली आणि आमच्या शेजारच्या भीमाचं जाळं पहारेकऱ्यांनी उचलून नेलं. तिच्या नवऱ्याने मरायच्या आधी विणलेलं ते शेवटचं जाळं. परवा आम्ही दोघी उद्यानातलं प्रदर्शन बघायला गेलो, तर तेच जाळं भिंतीवर! मधोमध वीतभर फाटलेलं.

भीमाचा हात आपसूक बटव्यातल्या दोऱ्याकडे गेला. कोळ्याच्या घरात फाटकं जाळं कधी टांगत नाहीत बघा, आधी सांधतात आणि मगच खुंटीला लावतात.

"आजी, हात नका लावू!" प्रदर्शनावर देखरेख करणारी बाई खेकसली.

"अगं, दोन गाठी मारते नुसत्या. पळवून नेत नाही."

"राहू द्या. फाटकंच छान दिसतं, लोकांना आवडतं."

माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं, की त्याची वस्तू किती देखणी होते, नाही का?

मला वाटलं, आता भीमा हिचा उद्धार करणार. तेवढ्यात शहरातली एक पाहुणी पुढे आली. तिने भीमाला दंडाला धरून जाळ्यापाशी उभं केलं, मोबाइल उगारला आणि म्हणाली, "हसा ना आजी!"

आणि काय सांगू, जन्मभर कुणाचं न ऐकणारी माझी भांडकुदळ भीमा मुकाट्याने हसली.