तिसऱ्या अंकातल्या आठ ओळी

रेकॉर्ड काढण्याआधी हात धुवायचे, पुसायचे आणि पुन्हा धुवायचे. नखात प्लास्टरचा कण दिसला तर तिसऱ्यांदा. रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेने धरायची, बोट उमटू द्यायचं नाही. ऐकताना चष्मा काढून ठेवायचा. बाजू संपून सुई उचलली जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. शिंक आली तरी दाबायची. कोणी हसलं की आधी दात बघायचे, मग माणूस. वर्तमानपत्रातल्या फोटोंवर पेन्सिलीने शेरे मारायचे: 'वरची कवळी, सैल.' आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीनच्या आधी दाराची कडी काढून ठेवायची, कारण त्या दिवशी येणाऱ्याच्या हातात दोन रेकॉर्ड असायच्या आणि तो त्या घंटी वाजवण्यासाठीसुद्धा एका हातात घ्यायचा नाही.

कवळीकाकांच्या या सवयी तिने वहीत टिपल्या होत्या. ती वरच्या मजल्यावर राहायची. साहित्यात पदवी घेतलेली, घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासणारी. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ती तक्रार करायला खाली आली होती. खालून एक बाई परक्या भाषेत तासभर गळा काढत होती. काकांच्या थोरल्या बहिणीने दार उघडलं. ताई कानाने थोड्या अधू होत्या, जिभेने मुळीच नाही. "ये, बस," त्या म्हणाल्या, "ती मरायला अजून अर्धा तास आहे."

ती बसली. मग दर महिन्याला बसू लागली.

काका कवळ्या करायचे. मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीशी लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, भिंतीवरच्या फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. प्रत्येक साच्याला नावाची चिठ्ठी. गल्लीच्या तोंडाशी दातांची डॉक्टरीण होती. ती मापं घ्यायची, काका दात बसवायचे. पुढची खोली गाण्याची. तिथे नऊशेच्या वर रेकॉर्ड होत्या, आणि ताईंच्या मते त्यांतली एकही घरात कामाला येणारी नव्हती. "लोकांचे दात, लोकांचं रडणं," त्या म्हणायच्या. "याचं स्वतःचं काही आहे का, बघ."

स्वतःचं एक होतं. अर्धं.

एक ऑपेरा. चार अंक, चार रेकॉर्ड, पुठ्ठ्याचा जाड खोका आणि आत शब्दांची पुस्तिका. काका पंचविशीत असताना तो खोका एका बंद होणाऱ्या रेडिओच्या दुकानात निघाला. एकट्याची ऐपत नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणारा त्यांचा मित्रही तेव्हा तिथेच उभा होता. दोघांनी मिळून घेतला. पहिला आणि तिसरा अंक काकांच्या घरी, दुसरा आणि चौथा मित्राच्या घरी. खोका आणि पुस्तिका काकांकडे, कारण मित्राच्या खोलीला ओल होती. आणि एक करार: अख्खा ऑपेरा कुणी एकट्याने ऐकायचा नाही. दुसरा संच घ्यायचा नाही. महिन्यातून एकदा, दोघं मिळून.

बायका आल्या, एक गेली. मुलं मोठी झाली. करार तसाच राहिला. त्रेचाळीस वर्षं.

मित्राला ताई 'वरखाली' म्हणायच्या. जन्म लिफ्टच्या खड्ड्यात काढला म्हणून. तोही ते नाव मिरवायचा. तो शीळ सुरेख घालायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून शीळ घातली की आठही मजल्यांवर ऐकू जायची, आणि लोक समजायचे, लिफ्ट आता चालू होईल.

त्या ऑपेरात दीपगृहाचा एक रखवालदार होता. तिसऱ्या अंकात तो समुद्रात गेलेल्या भावाला हाक मारतो. पुस्तिकेत त्या गाण्याची दोन कडवी छापली होती. रेकॉर्डवर एकच होतं. दुसऱ्या कडव्याला बारीक कंस होता: हे गायलेलं नाही. पहिलं कडवं संपलं की लगेच तुताऱ्या वाजायच्या आणि गलबत यायचं.

त्या जागी काका दर वेळी बोट वर करायचे. सुई चालू असताना ते बोलत, ते एवढंच.

"इथे आठ ओळी गेल्या. काय असेल रे इथे?"

आणि वरखाली मान हलवून म्हणायचा, "कोण जाणे."

कधीतरी कुठल्यातरी नाट्यगृहात ते कडवं ऐकू, असं दोघांचं ठरलं होतं. शेजारी शेजारी बसून.

दोन वर्षांपूर्वी लिफ्ट बिघडली. वरखाली निवृत्त झाला होता, पण या जुन्या लिफ्टला त्याच्याशिवाय कोणी हात लावत नसे. काम आटपून तो पाणी प्यायला तिच्या दाराशी आला आणि हळूच म्हणाला, तो ऑपेरा पुरा, एकही ओळ न कापलेला, फोनवर मिळतो का बघ. तिला दहा मिनिटांत मिळाला. "घालून ठेव फक्त," तो म्हणाला. "मी ऐकणार नाही. त्याच्या सत्तरीला दोघं मिळून ऐकू. त्याला बोलू नकोस." तिने फोनवर घालून दिला, कुठे दाबायचं तेही शिकवलं. तिला गहिवरून आलं होतं. असं प्रेम तिने फक्त पुस्तकांत तपासलं होतं.

तेव्हापासून रविवारी बोट वर झालं, "कोण जाणे" म्हणून झालं, की वरखाली तिच्याकडे बघून डोळा मिचकावायचा. तीही ओठ दाबून हसायची.

मग त्याचे वरचे सगळे दात गेले. शीळही गेली. सहा महिने तो नुसती हवा फुंकत हिंडला. काकांना म्हणाला, चावायला नाही जमलं तरी चालेल, शीळ जमली पाहिजे. काकांनी एवढं मन लावून काम केलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरिणीला विचारून त्यांनी मेणावर बसवलेले दात आपल्याच टेबलाशी घालून बघायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरची ती ऑपेराची पुस्तिका परत द्यायला खाली आली होती, म्हणून थांबली.

वरखालीने कवळी तोंडात घातली. काकांनी त्याला 'फ' म्हणायला लावलं, 'व' म्हणायला लावलं, साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावले. ताई दारातून म्हणाल्या, नवरदेव दिसतोस. मग शीळ. नुसती हवा आली. काकांनी कवळी काढून घेतली, मेण कापायची सुरी दिव्यावर तापवली, पुढचे दोन दात एकमेकांपासून केसभर दूर केले. पुन्हा हवा. पुन्हा सुरी, पुन्हा केसभर. तिसऱ्या खेपेला शीळ वाजली. बारीक, पण स्वच्छ.

वरखालीचे डोळे भरून आले. त्याने ते मिटले आणि रखवालदाराचं गाणं धरलं. काका सुरी हातात घेऊन ऐकत होते. पहिलं कडवं संपलं. आता तुताऱ्या वाजायच्या, ती जागा आली.

शीळ थांबली नाही.

तीच चाल पुन्हा सुरू झाली. पाचव्या ओळीला, पहिल्यांदा जिथे सूर खाली उतरला होता, तिथे तो या वेळी वर गेला आणि वरच राहिला. सुंदर होतं ते. तिला कळायला थोडा वेळ लागला. काकांना लागला नाही. सुरीचं पातं दिव्यावर काळं पडत होतं. त्यांनी दिवा विझवला.

"पुढचं कुठे ऐकलंस?"

"पुढचं म्हणजे?"

"आपल्या रेकॉर्डवर नाही ते."

"मनाने केलं. उगाच."

"पाचव्या ओळीला वर जायची अक्कल असती, तर तू लिफ्टच्या खड्ड्यात दिवस काढले असतेस का?" काका म्हणाले. सूर थट्टेचा होता. कोणी हसलं नाही.

वरखालीने तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. काकांनी ते पाहणं पाहिलं.

त्यांनी तळवा पुढे केला. वरखालीने कवळी काढून त्यावर ठेवली. काकांनी ती पुसली, साच्यावर बसवली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं." बोळक्या तोंडातून शब्द हवेसारखे आले.

"जा घरी."

तो गेला. तिला वाटलं, काका आता ओरडतील. ते हात धुवायला गेले, पुसले, पुन्हा धुतले. मग म्हणाले, "तुम्हालाही माहीत होतं तर."

तीन वर्षांत ते तिला कधी अहो-जाहो करून बोलले नव्हते. मग तिने सगळं सांगितलं: सत्तरीचं, न ऐकण्याचं, गुपिताचं. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात. मीही." मग म्हणाले, "त्याने ऐकलं, त्याचं काही नाही. माणूस आहे, मोह होतो. पण दर महिन्याला मी विचारायचो, काय असेल रे इथे. आणि तो म्हणायचा, कोण जाणे. चोवीस वेळा. आणि तुम्ही हसायचात. मला वाटायचं, पोरीला गाणं आवडतंय."

ताईंना निम्मंच ऐकू आलं होतं, तेवढं पुरलं. "केसाने गळा कापला मेल्याने," त्या म्हणाल्या आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या. काका बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी ती वरखालीच्या घरी गेली. तो खिडकीशी बसून दुधात काहीतरी भिजवून खात होता. फोन बाजूलाच होता.

"मी काय चोरी केली?" तो आधीच म्हणाला. "गाणं ऐकलं."

"तुम्ही म्हणालात, सत्तरीला."

"खरंच ठरवलं होतं. पण तू गेलीस त्याच संध्याकाळी लावलं. एकदा ऐकल्यावर कसं ऐकवणार? पहिल्यांदा ऐकतोय असं नाटक करावं लागलं असतं. मला नाटक जमत नाही."

"मग दोन वर्षं दर रविवारी काय करत होतात?"

तो हिरड्या चोखत राहिला.

"आणि माझ्याकडे बघून डोळा का मिचकावायचात?"

"तू गप्प राहावीस म्हणून," तो म्हणाला. ते मात्र त्याने खरं सांगितलं.

घरी आल्यावर तिने वही काढली. वरखालीच्या पानावर 'निष्ठा' असा शब्द लिहिलेला होता, खाली दोन रेघा.

पुढच्या पहिल्या रविवारी कडी लावलेलीच होती. तीन वाजता जिन्यात पावलं वाजली, दाराशी थांबली, उतरून गेली. ताईंनी दार उघडलं तर मुठीला कापडी पिशवी लटकत होती. आत दुसरा अंक आणि चौथा. काकांनी हात धुतले आणि त्या दोन रेकॉर्ड खोक्यात आपापल्या जागी ठेवल्या. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चार अंक एका घरात मुक्कामाला आले. त्यांनी खोका वरच्या फळीवर टाकला. लावला नाही.

तिने एकदा धीर करून विचारलं, त्या आठ ओळी ऐकवू का. फोन तिच्या हातात होता.

"नको," काका म्हणाले. "ते दोघांनी मिळून पहिल्यांदा ऐकायचं होतं."

"बोलावू त्यांना?"

"त्याने ऐकलंय. तुम्ही बसा, चहा घ्या."

ती अजूनही खाली जाते. ते अजूनही 'तुम्ही' म्हणतात. काम वेळच्या वेळी होतं. कोणाची कवळी एक दिवस उशिरा गेली नाही. जबडे येतात, जातात, चिठ्ठ्या बदलतात. खिडकीजवळच्या फळीवर एक साचा मात्र हलत नाही. त्यावर मेणात बसवलेले वरचे चौदा दात आहेत, पुढच्या दोघांत जेमतेम दिसेल एवढी फट. तिने एकदा विचारलं होतं, याचं किती काम राहिलंय. काकांनी मान वर न करता सांगितलं: प्लास्टरमध्ये दाबायचं, गरम पाण्याने मेण वितळवून काढायचं, त्या जागी पक्का मसाला भरून शिजवायचा. एका दुपारचं काम आहे. चिठ्ठीवर त्यांच्या बारीक अक्षरात दोनच शब्द आहेत, 'शीळ जमली', आणि खाली कवळी द्यायच्या तारखेची जागा कोरी आहे.