आकडीजनक माणूस नसतो

आकडी आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावताना तुम्हाला किळस कशी येत नाही? थुंकी आणि गटाराचं पाणी तुडवून आलेली ती चप्पल, आणि तिच्याखाली एक असहाय तोंड. लालबागला आमच्या चाळीखाली दवाखाना असलेले डॉक्टर हा प्रश्न भर रस्त्यात ओरडून विचारायचे. चप्पल हिसकावून पलीकडच्या फुटपाथवर भिरकवायचे आणि मग त्या माणसाला कुशीवर वळवून, तो शुद्धीवर येईपर्यंत जमिनीवर बसून राहायचे.

आम्ही त्यांना हुंगे डॉक्टर म्हणायचो. स्टेथोस्कोप लावायच्या आधी ते पेशंट हुंगायचे. तान्हं मूल असेल तर टाळू, छाती, झबलं. "काय चोळलं ते आई घाबरून लपवते, सासू मुद्दाम लपवते. झबल्याला कुणाची भीती नसते," म्हणायचे.

घरातल्या कोणत्या वस्तूंनी आकडी येऊ शकते, याचं पत्रक त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. मी ऐटीत 'अपस्मारजनक' लिहिलं. त्यांनी ते खोडलं. "अपस्मार हा आजार. पुन्हा पुन्हा झटके येतात तो. एखाद्या पदार्थाने धडधाकट पोराला एकदाच आकडी आली, तर तो आजार नव्हे. आकडीजनक लिही. आकडी आणणारा पदार्थ. आणि ठळक लिही, पदार्थ! हे विशेषण माणसाला लावायचं नाही."

माणसाला कोण कशाला लावेल, असं मला वाटलं होतं. माझ्याच घरात लावलं.

माझी पुतणी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. सर्दीने तिचं नाक चोंदलेलं. एका दुपारी तिचे डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले. वहिनी तिला उचलून हॉस्पिटलात धावली. पोरगी वाचली, तपासण्या स्वच्छ आल्या. पण ती घरी यायच्या आत माझ्या आईने गॅलरीभर सांगून टाकलं होतं, "आमच्या घराण्यात असला कायएक नाय. ह्या तिच्या म्हायेरचा." शेजारणी च्‌ च्‌ करत होत्या. वहिनीला नायगावला माहेरी कायमची धाडायचं, इथपर्यंत बोलणं गेलं. माझा भाऊ मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला होता.

डॉक्टर स्वतः जिना चढून आले. त्यांनी आकडीच्या दिवशीचं न धुतलेलं झबलं मागितलं, नाकाशी धरलं आणि आईकडे वळले.

"कापूर किती घातलात तेलात?"

"दोन वड्ये. छातीक चोळलंय, नाकाक लावलंय. सगळेच लावतत."

"म्हणूनच सगळ्यांना सांगत फिरतो मी. तान्ह्या पोराला कापूर आकडीजनक असतो."

"देवाचो कापूर तो! तेका विष म्हणतास?"

"देवाला आकडी येत नाही, बाई. पोराला येते." मग गॅलरीतल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आकडी या तेलाने आणली. तुमच्या सुनेने नाही, हिच्या माहेरानेही नाही. कापूर तुम्ही मायेने लावलात, मला कळतं. पण आळ तर मायेने घेतला नव्हतात ना? तो तेवढा मागे घ्या."

आई पदर खोचून आत गेली आणि भांडी आपटत राहिली. संध्याकाळी तिने मुलीची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगत होती, "नजर लागली हुती, उतरली."

वहिनीने आठवडाभर वाट पाहिली. एक वाक्य हवं होतं तिला, आईकडून किंवा नवऱ्याकडून. ते आलं नाही. तेव्हा कुणी धाडायची वाट न बघता तीच मुलीला घेऊन निघाली. जिन्याखाली डॉक्टरांनी पोरीची टाळू हुंगली आणि म्हणाले, "नुसता दुधाचा वास. छान." वहिनी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

डॉक्टर गेल्या वर्षी गेले. वहिनी लेकीला घेऊन त्यांच्या अंत्यदर्शनाला आली, आणि आमच्या दाराकडे न बघता परत गेली. पोरगी आता शाळेत जाते. पुन्हा तिला कधीच आकडी आली नाही. आई अजूनही नजरच म्हणते.

तुमच्या घरात मुलाला आकडी आली तर त्याला कुशीवर वळवा, हॉस्पिटलात न्या, आणि काय चोळलं, काय हुंगवलं, काय चाटवलं, ते डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा. सुनेवर कुणी बोट दाखवलं तर तिथेच, सगळ्यांसमोर, ते खाली करायला लावा. घरी गेल्यावर बघू, म्हणू नका.