ओंगारच्या उंचवट्यावरचा पिठाचा घोडा

घरात कोंडलेल्या वक्त्याला श्रोते लागतात. मला दोनच मिळाले होते. एक बायको, जिने माझ्या सगळ्या गोष्टी लग्नाआधीच ऐकल्या होत्या. दुसऱ्या सासूबाई, ज्या तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आल्या आणि कोरोनात विमानं थांबल्यामुळे दीड वर्ष राहिल्या.

एकदा जेवताना मी त्यांना इंग्लंडमधल्या टेकडीवरच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगितली, अर्थातच उभं राहून. डोंगरउतारावर चर खणून त्यात खडूचा दगड ठोकून भरलेला तो प्रचंड घोडा. एका राजाने लढाई जिंकली म्हणून तो खोदवून घेतला, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. मग अभ्यासकांनी तळची माती तपासली आणि घोडा त्या राजाहून कितीतरी म्हातारा निघाला, सुमारे तीन हजार वर्षांचा. कोणी काढला, कशासाठी, कोणालाच ठाऊक नाही. घोडाच आहे की कुत्रा, यावरही वाद. एवढं मात्र खरं, की दर काही वर्षांनी गावकरी वर चढत, गवत उपटत, नवा खडू ठोकत आणि जत्रा भरवत. एखाद्या पिढीने कंटाळा केला असता तर घोडा गवतात बुडाला असता.

"म्हणजे त्यांची रांगोळीच," सासूबाई भात कालवत म्हणाल्या. "पण रोज घालायची ती वर्षांनी घालतात. आळशी."

२०२१च्या उन्हाळ्यात बाहेर भेटायला परवानगी मिळाली आणि ओंगारमधल्या आमच्या वसाहतीने रविवारी सकाळी हिरवळीवर जमायचं ठरवलं. शेजारच्या आजोबांना, म्हणजे निवृत्त बसचालकाला, मी कुंपणावरून सांगून बसलो की मागच्या उंचवट्यावर आम्ही प्राचीन घोडा काढणार. त्यांनी ते लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. बायको म्हणाली, आता नुसतं बोलून भागणार नाही. इथे सगळे तुला बोलघेवडा म्हणूनच ओळखतात. ते मला लागलं, कारण खरं होतं.

मी पांढरा रंग आणायला निघालो, तर सासूबाईंनी अडवलं. त्या कोकणातल्या, गवताला रंग फासणं त्यांना पटेना. "तांदळाची पिठी घाला, जावईबापू. पाखरांच्या पोटात तरी जाईल."

काय सुंदर वाक्य. मी दाद दिली, पण अर्थाकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी खुंट्या रोवून, सुतळी ताणून आम्ही वीस पावलं लांब घोडा काढला. सासूबाई स्टुलावर बसून चिमटीने रेघ ओढत होत्या आणि मी स्टूल सरकवत होतो. वरच्या खिडकीतून तो इतका देखणा दिसला की मी तीनदा जिना चढलो.

सकाळी आठला पडदा सारला. करड्या मानेचे कावळे रांगेने न्याहारी करत होते. डोकं संपलं होतं, मान संपत आली होती. मी पायजम्यातच टाळ्या वाजवत धावलो, तर ते शांतपणे शेपटाकडे सरकले. चर खणण्याची गोष्ट मीच जेवणाच्या टेबलावर गर्जून सांगितली होती, आणि करताना नेमकी तीच गाळली होती.

अकराला मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन आली. आजोबांनी उरलेले चार पाय आणि पोट न्याहाळलं. कुत्रा झकास जमलाय, म्हणाले. मी भाषणासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात साडीवर जॅकेट चढवून सासूबाई आल्या. इंग्रजी येत नाही म्हणून दीड वर्षात त्या या लोकांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. उरलेल्या पिठीचा डबा त्यांनी आजोबांपुढे गवतावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून चिमूट सोडून दाखवली. आजोबांनी मूठभर पीठ ओतलं.

"मूठ नव्हे हो, चिमूट."

त्यांना ते मराठीतच कळलं. थोड्याच वेळात दहाबारा जण अंतर राखून ओणवे झाले होते, सासूबाई लांबून बोट दाखवून हुकूम सोडत होत्या, आणि मी मधोमध उभा राहून तीन हजार वर्षांचा इतिहास सांगत होतो. इतके श्रोते, आणि सगळ्यांचे हात पिठात, त्यामुळे उठून जायची सोय नाही.

घोडा पुरा झाला तेव्हा कोणीतरी विचारलं, हा किती टिकेल? मी घसा खाकरेपर्यंत सासूबाईंनी भिंतीवरच्या कावळ्यांकडे पाहिलं आणि चार बोटं वर केली. चार वाजेपर्यंत.

साडेतीनलाच डोकं गेलं. पण तोवर त्याला सगळे बाईंचा घोडा म्हणू लागले होते, आणि पिठी कुठे मिळते ते आजोबांनी लिहून घेतलं होतं.